ट्रेलर लावला की गाडी मागून बसते, मग स्प्रिंग बदलायची का?

या खेपेला आलेल्या पत्रांत ऑफरोड गाडीला ट्रेलर जोडणाऱ्यांचीच गर्दी जास्त आहे, म्हणून अख्खं सदर याच विषयाला देऊन टाकलंय. नावं छापत नाही, कारण दोघातिघांनी आपण गाडीवर काय काय उद्योग करून ठेवलेत ते इतक्या मोकळेपणाने लिहिलंय की घरच्यांनी वाचलं तर पंचाईत व्हायची.

प्रश्न : दादा, माझी फोर बाय फोर आहे, मागे कॉइल स्प्रिंग. दीड टनाचा ट्रेलर ओढतो. ट्रेलर लावला की मागची बाजू इतकी बसते की हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर पडतात, समोरचे शिव्या घालतात. हेवी ड्युटी स्प्रिंग बघितल्यात, ओरिजिनलपेक्षा ५० टक्के कडक. ट्रेलर महिन्यातून एक-दोनदाच लागतो, बाकी दिवस गाडी रिकामी आणि सुट्टीत थोडं ऑफरोडिंग. टाकून घेऊ का?

थांबा जरा. आधी वजनकाट्यावर जा. गंमत नाही करत, स्प्रिंग बदलणाऱ्यांपैकी फार कमी लोक आधी वजन करतात आणि मग सगळा अंदाजपंचे कारभार होतो. गाडी एकटी चढवा, पुढच्या ॲक्सलचं आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. मग तोच ट्रेलर नेहमीचं सामान भरून जोडा, आणि ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून पुन्हा तीच दोन वजनं घ्या. आता गाडीचं एकूण वजन जेवढं वाढलं तेवढा भार ट्रेलरची दांडी तुमच्या टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्याच्यावर, टाकतेय. हा आकडा हातात नसेल तर स्प्रिंगबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

समजा दीड टनाच्या ट्रेलरचा दहा टक्के भार बॉलवर येतोय, म्हणजे १५० किलो. तुम्ही म्हणाल दीडशे किलो म्हणजे काय, मागे दोन माणसं बसली. तसं नाही ना ते. माणसं ॲक्सलच्या पुढे बसतात, बॉल ॲक्सलच्या मागे लटकतो. पहारीने दगड उचलतो तसा प्रकार आहे, टेकू म्हणजे मागची चाकं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २.७ मीटर धरा आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे धरा, तर मागच्या ॲक्सलवर १५० नाही, जवळपास २१७ किलो वाढतात, आणि पुढच्या ॲक्सलवरून ६७ किलो उचलले जातात. हे ६७ किलो लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात त्यांच्यावरच गाडी अडलीय.

आता स्प्रिंगकडे येऊ. कॉइलचा कडकपणा म्हणजे ती एक मिलीमीटर दाबायला किती किलो लागतात. समजा तुमची मागची स्प्रिंग ३ किलो प्रति मिमी आहे आणि रिकाम्या गाडीत प्रत्येकीवर ४०० किलो आहेत, म्हणजे ती आधीच १३३ मिमी दबलेली. ट्रेलरचे २१७ आणि डिकीत सामानाचे २०० असे ४१७ किलो आले, प्रत्येकीच्या वाट्याला साधारण २०८. गाडी ७० मिमी खाली बसली. पाहिलंत ना, हेच तुमचं दुखणं.

त्याजागी त्याच लांबीची ४ किलोवाली टाकली, म्हणजे ३३ टक्के कडक, तर तेवढ्याच वजनाला ती ५२ मिमी बसेल. बसण्यात फरक फक्त १८ मिमीचा! मग लोकांना एवढी उचललेली का वाटते? कारण रिकामी असतानाच नवी स्प्रिंग १३३ च्या जागी १०० मिमी दबते, गाडी सुरुवातीलाच ३३ मिमी वर उभी राहते. म्हणजे वजनाशी सामना थोडाच झालाय, उंची जास्त विकत घेतलीय. (हे आकडे चाकापाशी धरलेत. स्प्रिंग आर्मवर आत सरकून बसवलेली असेल तर चाकापाशी मिळणारा कडकपणा बराच कमी असतो, अंतराच्या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतो तो. स्प्रिंग आर्मच्या लांबीच्या ०.६ वर असेल तर चाकाला तिच्या कडकपणाचा फक्त ३६ टक्के हिस्सा मिळतो. त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा उचलून आपल्या गाडीला लावू नका.)

तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, ५० टक्के नको. महिन्यातले अठ्ठावीस दिवस गाडी रिकामी, त्या दिवसांना शिक्षा कशाला? कडक स्प्रिंगवर रिकामी गाडी ऑफरोडला गेली की चाक खाली लोंबतच नाही, खड्ड्यात उतरायच्या ऐवजी हवेत राहतं, आणि हवेतलं चाक म्हणजे गेलेली पकड. तुमच्यासाठी ओरिजिनल किंवा फार तर वीस-पंचवीस टक्के कडक स्प्रिंग, आणि आत हवेची हेल्पर बॅग. ट्रेलरच्या दिवशी हवा भरायची, नंतर सोडायची.

ही कल्पना काही नवी नाही. १९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर आली तिला लांब मऊ कॉइल होत्या, आणि मागची बाजू बसू नये म्हणून मागच्या ॲक्सलच्या मधोमध सेल्फ लेव्हलिंगचं वेगळं युनिट होतं. म्हणजे चाकाची हालचाल एकाने सांभाळायची, उंची दुसऱ्याने. बॅग तेच काम हाताने करते.

बॅग बसवताना दोन गोष्टी. डावी-उजवीची हवेची नळी वेगवेगळी ठेवा. एकच कॉमन नळी केली तर वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा दाबून आतल्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी कलते. आणि रिकाम्या गाडीतही बॅगेत कंपनीने सांगितलेला कमीत कमी दाब ठेवाच, पार रिकामी ठेवली की ती स्प्रिंगच्या वेटोळ्यात चिमटते आणि फाटते. उंची किती करायची? ट्रेलर नसताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत जेवढं अंतर होतं तेवढं किंवा किंचित कमी. त्याच्या वर नको.

प्रश्न : सर, तुमच्यासारख्याच एका जाणकाराच्या सल्ल्याने मागे कडक स्प्रिंग टाकल्या. गाडी आता ट्रेलर लावूनही एकदम लेव्हल, फोटोत छान दिसते. पण हायवेला स्टिअरिंग अजूनही हलकं हलकं लागतं आणि ऐंशीच्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. स्प्रिंग अजून कडक करू का?

नका हो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय हे.

मगाशी ते ६७ किलो सांगितले ना, पुढच्या ॲक्सलवरून उचलले गेलेले. स्प्रिंग कितीही कडक टाका, ते ६७ किलो परत येत नाहीत. बॉल जिथे होता तिथेच आहे, १५० किलो तेवढेच आहेत, टेकू तोच आहे. स्प्रिंगने फक्त गाडीचा मागचा भाग वर धरला, वजनाची वाटणी जशीच्या तशी राहिली. आधी गाडी बसलेली दिसत होती म्हणून तुम्ही जपून चालवत होता, आता लेव्हल दिसते म्हणून ऐंशीला नेता, एवढाच बदल झालाय. लेव्हल दिसणं वेगळं आणि तोल असणं वेगळं, या सदरात मी हे इतक्यांदा लिहिलंय की छापणाऱ्यांनासुद्धा पाठ झालं असेल.

पुढच्या चाकांवर वजन परत आणणारी वस्तू म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच, हिच म्हणजे गाडी-ट्रेलरचा जोड. त्यात दोन लवचिक दांड्या असतात, त्या हिचपासून ट्रेलरच्या दांडीखाली मागे जातात आणि साखळीने वर ताणल्या जातात. त्या ताणामुळे जोडाच्या ठिकाणी एक पीळ बसतो, गाडीचं पुढचं तोंड खाली दाबलं जातं, आणि थोडं वजन ट्रेलरच्या चाकांकडेही जातं. मापायला सोपं आहे. ट्रेलर नसताना पुढच्या मडगार्डची उंची लिहून ठेवा, ट्रेलर जोडल्यावर किती वर गेली बघा, मग दांड्या ताणून ती निदान अर्धी तरी खाली आणा. किती आणायची ते गाडीच्या पुस्तकात बघा, काही कंपन्या पूर्ण म्हणतात, काही अर्धी, आणि काही गाड्यांना हा प्रकार लावूच नका असं स्वच्छ लिहिलेलं असतं, तसं असेल तर विषय संपला. आणि तुम्ही ऑफरोडवाले आहात म्हणून सांगतो, खोल चर किंवा ओढा ओलांडताना या दांड्या काढून ठेवायच्या. गाडी आणि ट्रेलर व्ही आकारात आले की दांड्यांवर आणि हिचवर भयंकर ताण येतो.

शेपूट हलण्याचं म्हणाल तर आधी ट्रेलरमधलं सामान उघडून बघा. जड वस्तू मागे ठेवलीय का? बॉलवरचा भार कमी झाला की ट्रेलर डुलतो, आणि सामान पुढे-मागे दोन्ही टोकांना विभागलेलं असेल तरी डुलतो, कारण एकदा हलायला लागलेली टोकं थांबवायला अवघड. जड ते ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर आणि किंचित पुढे, खाली जमिनीलगत. मग मागच्या टायरची हवा बघा. रिकाम्या गाडीची हवा ठेवून लोक ट्रेलर ओढतात, टायरची भिंत लवचिक राहते आणि दोष स्प्रिंगला. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा दाब वेगळा दिलेला असतो, तो वाचा.

आणि डुलायला लागलाच तर? ॲक्सिलेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका, ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त तेच हाताने हळू लावा. वेग वाढवून तो सरळ होतो असं कोणी सांगितलं असेल तर त्या माणसाच्या गाडीत बसू नका.

प्रश्न : काका, माझी जुनी पिकअप आहे, मागे पाटे. दोन्ही बाजूचे पाटे सपाट झालेत, वजन टाकलं की उलटे वाकतात. गॅरेजवाला म्हणतो एकेक जास्तीचा पाटा घालून देतो. दुसरा म्हणतो पाटे राहू दे, एअरबॅग लाव. कोणाचं ऐकू?

पहिल्याचं अर्धं ऐका.

जास्तीचा पाटा घालणं चुकीचं नाही, पण कुठला घालतात ते बघा. आखूड जाड पाटा खाली सरकवला की काम झटपट होतं, पण मग वरचे लांब पाटे त्या आखूड पाट्याच्या टोकापाशीच वाकतात, सगळा ताण एका रेषेवर येतो आणि काही महिन्यांनी मेन पाटा बरोबर तिथेच तुटतो. लांब, बाकीच्या पाट्यांसारखा कमानदार पाटा घातला तर ताण पसरतो. त्यातही तुमचे मूळ पाटेच सपाट झालेत म्हणजे त्यांची कमान गेलीय, थकलेल्या चौघांत एक ताजा पाटा घातला तर सगळं ओझं तो एकटाच वाहणार. माझं मत विचाराल तर पूर्ण सेट बदला. एकदाच काम.

सेट घेताना हेल्पर पाटा असलेला बघा, म्हणजे सगळ्यात खालचा जाड सपाट पाटा, जो रिकाम्या गाडीत टेकतच नाही आणि गाडी भरली की मग कामाला लागतो. रिकामी गाडी मऊ, भरलेली कडक. कॉइलमध्ये ज्याला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दाबेल तशी कडक होत जाणारी, म्हणतात त्याचाच हा थोरला भाऊ.

यू बोल्ट जुने परत वापरू देऊ नका. कसताना ते ताणले जातात, दुसऱ्यांदा तोच ताण धरत नाहीत. नवे टाका, टॉर्क पान्याने कसा, पहिले काहीशे किलोमीटर झाले की परत कसा, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट ढिले होतात. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना शेवटचे कसू नका! चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी, मग कसायचे. नाहीतर बुश पीळ घेतलेल्या अवस्थेतच पकडलं जातं, गाडी उगाच वर उभी राहते आणि बुश थोड्याच दिवसात फाटतं. हे कितीतरी गॅरेजात करत नाहीत, घाई असते.

दुसऱ्याच्या एअरबॅगबद्दल. पाट्यांवर वजन चेसिसला दोन ठिकाणी जातं, पुढच्या आणि मागच्या टोकाला. बॅग लावली की त्यातला मोठा हिस्सा ॲक्सलच्या बरोबर वर, चेसिसच्या एकाच जागी ढकलला जातो. मागे लांब लोंबणारा हौदा, त्याच्या मागे टो बॉलवर ट्रेलर, आणि मधे एका ठिकाणी बॅगेचा धक्का, अशा वेळी खड्ड्यात आपटलं की चेसिस तिथेच वाकते. डबल कॅब पिकअप अशा वाकलेल्या पाहिल्यात लोकांनी, केबिन आणि हौद्यामधली फट वरून रुंद नाहीतर खालून रुंद झाली की समजायचं. थकलेल्या पाट्यांना बॅगेचा टेकू तर अजिबात देऊ नका.

प्रश्न : स्प्रिंगचं एक वेटोळं कापलं की ती कडक होते असं मित्र म्हणतो. खरं का? आणि जुनी स्प्रिंग मऊ पडते म्हणून गाडी बसते ना?

मित्राचं गणित बरोबर, सल्ला चूक. आठ वेटोळ्यांतलं एक कापलं की उरलेली स्प्रिंग साधारण १४ टक्के कडक होते, पण गाडी खाली बसते, तुम्हाला नेमकं उलटं हवंय. शिवाय कापलेलं टोक खालच्या बशीत नीट बसत नाही, चाक लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सटकते.

कडकपणा खरा वाढतो तारेच्या जाडीने. तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १४ मिमीची तार १५ मिमी केली, बाकी सगळं तेच, तर एका मिलीमीटरमध्ये जवळपास ३२ टक्के कडक! म्हणून दोन स्प्रिंग हातात घेऊन ही जाड वाटते असं म्हणण्याऐवजी व्हर्नियर लावा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून बरेच जण भांडतात. जुनी स्प्रिंग मऊ होत नाही, बुटकी होते. स्टीलचा कडकपणा वर्षानुवर्षं वापरून बदलत नाही, बदलते ती मोकळी लांबी. (गंजून तारच बारीक झाली असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा ती मऊ होण्याआधी तुटण्याची काळजी करा.) त्यामुळे गाडी ट्रेलरशिवायही बसलेली दिसत असेल तर कदाचित तुम्हाला कडक स्प्रिंग नकोच आहे, कंपनीची नवी स्प्रिंग पुरेल. स्पेसरही चालतो थोडा, तो उंची देतो, कडकपणा बदलत नाही. मात्र जाड स्पेसर घातला की खोल खड्ड्यात रबरी स्टॉपर टेकायच्या आधीच वेटोळी एकमेकांवर आपटू शकतात, ते बघून घ्या.

प्रश्न : नवीन स्प्रिंगनंतर गाडी मागून ५० मिमी उचलली गेली. ट्रेलरशिवाय ब्रेक मारला की पुढची चाकं लवकर घासतात, मागचे ब्रेक आहेत की नाहीत अशी शंका येते. गॅरेजवाल्याने पॅड बदलले, फरक शून्य.

या पत्राने मला माझं जुनं पाप आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या गाडीत मी हौसेने जाड स्प्रिंग टाकल्या, बसवणाऱ्यानेही काही सांगितलं नाही आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं. पावसात एका उतारावर ब्रेक मारला तर पुढची चाकं अडकली आणि गाडी सरळ नाकासमोर घसरत गेली. नशिबाने समोर चिखलाचा बांध होता. नंतर दोन दिवस गाडीखाली झोपून शोधलं तेव्हा सापडलं.

मागच्या ॲक्सलच्या वर चेसिसला एक व्हॉल्व्ह असतो, त्यातून एक दांडी किंवा बारीक स्प्रिंग ॲक्सलपर्यंत जाते. गाडी भरली, बसली, की दांडी वर ढकलली जाते, व्हॉल्व्ह समजतो मागे वजन आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी, वर उठलेली, तर दाब कमी, म्हणजे मागची चाकं अडकून गाडी फिरत नाही. या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. तुम्ही स्प्रिंगने ५० मिमी उचललं, त्याला वाटतं गाडी नेहमीपेक्षाही रिकामी. आणि खरी गंमत म्हणजे ट्रेलर आणि सामान लावल्यावरही कडक स्प्रिंगमुळे गाडी पूर्वीएवढी बसत नाही, म्हणजे ज्या दिवशी मागच्या ब्रेकची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी तो हात आखडता घेतो. दांडीची लांबी किंवा ब्रॅकेटची जागा कंपनीच्या पद्धतीने ॲडजस्ट करून घ्या, प्रेशर गेजवर तपासून, नजरेने नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतो, ते काम एबीएसचं इलेक्ट्रॉनिक्स चाकांच्या वेगावरून करतं, त्यांना हा त्रास नाही.

गाडीखाली गेलातच तर मागची ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबवून बघा, ताणली जाते का. सरळ ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर) असेल तर पॅनहार्ड रॉडमुळे, म्हणजे ॲक्सलला चेसिसशी आडवं धरून ठेवणाऱ्या दांडीमुळे, ॲक्सल एका बाजूला थोडा सरकलेला दिसेल. आणि फक्त मागून ५० मिमी उचललं म्हणजे २.७ मीटरच्या व्हीलबेसला गाडी साधारण एक अंश पुढे झुकते, तेवढाच पुढचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो, स्टिअरिंग सरळ परत यायला आळस करतं. हेडलाइटही खाली गेलेले असतील, तेही बघून घ्या. टो बॉलची उंचीसुद्धा वाढली, ट्रेलरचं तोंड वर झालं असेल तर खाली उतरणारा हिच लावा, विशेषतः दोन ॲक्सलच्या ट्रेलरला, नाहीतर त्याचा मागचा ॲक्सल एकटाच भरडला जातो.

प्रश्न : स्प्रिंग चांगल्या कंपनीच्या टाकल्यात, शॉकअप जुनेच ठेवले कारण ते अजून गळत नाहीत. आता स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीन वेळा डोलते. सवय होईल का?

तुम्हाला होईल, टायरला नाही होणार.

स्प्रिंग दाबली की ती ताकद साठवते आणि सोडताना परत देते. कडक स्प्रिंग जास्त जोरात परत देते, आणि ते परत येणं आवरायचं काम शॉकअपचं. वरचंच उदाहरण घेतो, ३ किलोवाल्या स्प्रिंगवर रिकामी गाडी मिनिटाला साधारण ८२ वेळा डोलायला बघते, ४ किलोवालीवर ९५ वेळा. आणि ४ किलोची स्प्रिंग अधिक भरलेली गाडी असं दोन्ही धरलं तर आधीच्या रिकाम्या गाडीपेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास जास्त आवर लागतो. जुना शॉकअप गळत नसेल पण तो आधीच्या हिशोबाने बनवलाय. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी जुळवलेला सेट घ्या, त्यातही परत येतानाचा, म्हणजे रिबाउंडचा आवर वाढवलेला असला पाहिजे. उंची वाढली असेल तर लांबीही तपासा, आखूड शॉकअप असला की चाक लोंबताना तोच साखळीसारखा ताणला जातो आणि वरची माउंटिंग तुटते.

प्रश्न : हेवी ड्युटी स्प्रिंग टाकल्यावर किती जास्त ओढता येईल?

शून्य किलो. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, चेसिस, कूलिंग, टायर हे सगळं तेच आहे. प्लेटवरचे आकडे, गाडीचं एकूण, ॲक्सलचं, गाडी आणि ट्रेलर मिळून, आणि बॉलवरचा भार, या चारही मर्यादा जशाच्या तशा. काही देशांत अधिकृत जीव्हीएम अपग्रेड, म्हणजे गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा वाढवून, मिळतं, पण ते तपासून, कागदावर मंजुरी घेऊन, नवी प्लेट लावून, आणि तेव्हाही ओढायची मर्यादा आपोआप वाढत नाही.

प्रश्न : कॉइल स्प्रिंग घरीच बदलावी म्हणतो, मागे सरळ ॲक्सल आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसर लागेल का? आणि नव्या सेटमध्ये डाव्या-उजव्याला वेगळे रंग आहेत, पॅकिंगमध्ये गोंधळ झालाय का?

सरळ ॲक्सलला बहुतेक वेळा कॉम्प्रेसर लागत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावा, चेसिस भक्कम स्टँडवर ठेवा, जॅकवर बिलकुल नाही, ॲक्सलला खालून वेगळा जॅक द्या, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, अँटी रोल बारची लिंक आणि तो ब्रेक व्हॉल्व्हचा दांडा सोडवा, आणि ॲक्सल हळूहळू खाली उतरवा. ब्रेकच्या नळीवर एक डोळा ठेवा, ॲक्सल तिच्यावर लटकता कामा नये. स्प्रिंग मोकळी झाली की हाताने निघते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जोडलेला खांब) असेल तर मात्र घरी हात लावू नका, दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरमधून सुटली तर माणूस जायबंदी होतो.

रंगांचा गोंधळ नाही. लँड रोव्हरसारख्या गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूची आणि दुसऱ्या बाजूची स्प्रिंग मुद्दाम वेगळी देतात, वजन दोन्हीकडे सारखं नसतं म्हणून, आणि ओळखायला रंगाचे पट्टे असतात. सेटबरोबरच्या कागदावर कुठला रंग कुठल्या बाजूला ते दिलेलं असेल. फक्त तो कागद कुठल्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी लिहिलाय, डाव्या की उजव्या, तेवढं बघून घ्या. उलट बसवल्या तर गाडी एका बाजूला झुकलेली राहते, आणि मग तुम्ही पुढच्या महिन्यात मला परत पत्र लिहिता.